‘आमची ऋणे आम्हांला सोड’ : ही ओळ वाचायची कशी?

अक्षरशोध

येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतली पाचवी मागणी, मत्तयाच्या शुभवर्तमानात ६:१२ : ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड.’ उपदेशात आणि बायबल अभ्यासात या ओळीवर साधारण अर्धा मिनिट जातो. ‘ऋण म्हणजे पाप’ असे सांगायचे आणि पुढच्या ओळीकडे वळायचे. अर्थ चुकीचा नाही, पण एवढ्या घाईत ओळीतला जीव जातो. म्हणून हा धागा फक्त या एका ओळीसाठी.

आधी मजकूर. मत्तयाच्या ग्रीकमध्ये शब्द आहे ‘ओफेइलेमाता’. सरळ अर्थ : देणे, येणे, कर्ज. व्यवहारातला, हिशेबाचा शब्द. लूक ११:४ मध्ये हीच प्रार्थना येते तेव्हा पहिल्या भागात ‘हामार्तियास’, म्हणजे पापे, असा शब्द आहे. पण लूकचा दुसरा अर्धा भाग नीट वाचा. तिथे तो ‘आमचे देणे लागणाऱ्या प्रत्येकाला’ असेच म्हणतो. म्हणजे लूकने कर्जाची भाषा टाकलेली नाही, अर्धी उलगडून दाखवली आहे. यहुदी नसलेल्या वाचकाला ‘देवाचे कर्ज’ हे चटकन कळणार नाही म्हणून त्याने पहिल्या जागी अर्थ लिहिला, अशी याची उपपत्ती बहुतेक अभ्यासक देतात आणि ती मला पटते.

याचे मूळ येशू बोलत होता त्या अरामी भाषेत आहे. ‘होवा’ या अरामी शब्दाचे दोन्ही अर्थ आहेत, कर्ज आणि पाप. जुन्या कराराच्या अरामी रूपांतरांत, म्हणजे तारगुमांत, पापासाठी हाच शब्द वारंवार येतो. लूकमध्येच याचा एक लपलेला पुरावा आहे. १३:२ मध्ये पिलाताने मारलेल्या गालीली लोकांबद्दल येशू विचारतो, ते इतर सर्वांपेक्षा अधिक ‘पापी’ होते काय? दोनच वचनांनंतर, शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांबद्दल तोच प्रश्न येतो तेव्हा ग्रीकमध्ये शब्द आहे ‘ओफेइलेताय’, म्हणजे देणेकरी. दोन शब्द, एकच अर्थ.

आता क्रियापद. ‘आफिएमी’. मराठीत ‘सोडणे’ हा त्याचा जोड इतका नेमका बसला आहे की ग्रीक न येणाऱ्यालाही तो पुष्कळ काही सांगून जातो. मार्क १:१८ मध्ये शिमोन आणि अंद्रिया जाळी सोडून निघतात, तिथे हेच क्रियापद. मार्क १:३१ मध्ये शिमोनाच्या सासूला ताप सोडतो, तिथेही हेच. मुठीत धरलेली वस्तू हातातून जाऊ देणे हा त्याचा गाभा. ‘क्षमा करणे’ म्हटले की डोळ्यांपुढे मनातली भावना येते. ‘सोडणे’ म्हटले की आधी काहीतरी धरलेले होते हे कबूल करावे लागते.

इंग्रजीत ही धार बोथट झाली. तिथल्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकाने ‘आगळीक’ या अर्थाचा शब्द घेतला आणि तोच कोट्यवधी लोकांच्या तोंडी बसला. मराठी भाषांतराने ‘ऋण’ राखले याबद्दल मला त्या भाषांतरकारांचे मनापासून आभार मानावेसे वाटतात. प्रश्न एवढाच की आपण ते ऐकतो का?

---

नदीकाठ

चांगला विषय. पण ‘ऋण’ राखले म्हणजे काम झाले असे मला वाटत नाही. कारण मराठीत हा शब्द आता मऊ झाला आहे.

‘मी आपला ऋणी आहे’ हे आभाराचे वाक्य आहे. आभारप्रदर्शनात, पुस्तकाच्या प्रस्तावनेत, निवृत्तीच्या भाषणात ते येते. ‘ऋणानुबंध’ तर प्रेमाचा शब्द. आईबापाचे ऋण, समाजाचे ऋण. हे सगळे कृतज्ञतेचे अर्थ आहेत आणि त्यांत ऋण असणे ही भूषणाची गोष्ट आहे. हा कान घेऊन मत्तय ६:१२ वाचले तर ‘आमची ऋणे सोड’ ही मागणी विचित्र वाटते. कृतज्ञता सोडायची कशाला?

दुसरे. आपल्या परंपरेत देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन ऋणे जन्मासोबत येतात आणि ती ‘फेडायची’ असतात. यज्ञ, अध्ययन, संतती हे फेडण्याचे मार्ग. इथे मराठीतला एक बारकावा फार उपयोगी आहे : ऋणको फेडतो, धनको सोडतो. ही दोन क्रियापदे दोन वेगळ्या माणसांची आहेत. प्रार्थना ‘आम्हांला फेडता येऊ दे’ असे म्हणत नाही, ‘तू सोड’ म्हणते. कृपेचा सगळा सिद्धांत या एका क्रियापदाच्या निवडीत आहे. मराठी वाचकाला तो समजावून सांगायला मोठे शब्द लागत नाहीत, फेडणे आणि सोडणे यांतला फरक पुरतो.

म्हणून सुचवणी : मोठ्याने वाचताना ‘ऋण’ तसेच ठेवा, पण शिकवताना एकदा तरी ‘कर्ज’ म्हणा. सावकाराच्या वहीतले, व्याज चढणारे कर्ज. ‘जसे आम्ही आपल्या देणेकऱ्यांचे कर्ज सोडले आहे, तसे तू आमचे कर्ज सोड.’ खोलीतली शांतता बदलते.

---

जैतून

नदीकाठ यांच्याशी सहमत. पुढची पायरी जुन्या करारात आहे.

अनुवाद या नावाचे मोशेच्या नियमशास्त्राचे पुस्तक, १५:१-२ : दर सातव्या वर्षी धनकोने शेजाऱ्याला दिलेले कर्ज सोडायचे. हिब्रू शब्द ‘शमिट्टा’. ग्रीक सप्ततीने (ख्रिस्तपूर्व काळातले यहुद्यांचे ग्रीक भाषांतर) तिथे ‘आफेसिस’ शब्द वापरला, जो ‘आफिएमी’चेच नाम आहे. लेवीय २५ मधल्या पन्नासाव्या, योबेल वर्षासाठीही सप्ततीत हाच शब्द. आणि लूक ४:१८ मध्ये नासरेथच्या सभास्थानात येशू यशया वाचतो, ‘बंदिवानांना सुटका’, तिथेही ‘आफेसिस’. नव्या करारात ‘पापांची क्षमा’ असे जिथे येते तिथे बहुधा हाच शब्द आहे. सप्तती ऐकत वाढलेल्या माणसाच्या कानात त्या शब्दामागे सातव्या वर्षाचा, कर्जमुक्तीचा नाद असणारच.

नियम होता, पण अडचणही होती आणि ती नियमातच लिहून ठेवली आहे. अनुवाद १५:९ बजावते की सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरीब भावाला रिकाम्या हाताने परतवू नको. म्हणजे तसे घडत होते. सहावे वर्ष सरत आले की कर्ज मिळेनासे व्हायचे, कारण देणाऱ्याचे पैसे बुडणार. यावर हिल्लेल या यहुदी धर्मशिक्षकाने ‘प्रोझबुल’ नावाचा दस्तऐवज काढला. मिश्नाच्या, म्हणजे यहुदी तोंडी नियमांच्या संग्रहाच्या, शेवीइत भागात (अध्याय १०) त्याचे कारण आणि मसुदा दोन्ही आहेत. धनकोने न्यायसभेपुढे जाहीर करायचे की माझी येणी मी हवे तेव्हा वसूल करीन. एवढे केले की सातवे वर्ष आले तरी कर्ज टिकून राही. हेतू गरिबाला कर्ज मिळत राहावे हा होता आणि हिल्लेलला यात खलनायक करणे अन्यायाचे आहे. पण परिणाम असा की येशूच्या काळात कर्ज ‘सोडणे’ ही कायद्याने आपोआप होणारी गोष्ट उरली नव्हती. ज्याला सोडायचे त्याने स्वतः ठरवून सोडायचे. ‘जसे आम्ही सोडले आहे’ हे शब्द त्या पार्श्वभूमीवर वाचा.

एक इशारा मात्र. हे कळले की काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि प्रार्थना फक्त आर्थिक आहे असे म्हणू लागतात. मजकूर तसे म्हणू देत नाही. मत्तय लगेच ६:१४-१५ मध्ये स्वतःच टीप देतो आणि तिथे शब्द ‘पाराप्तोमाता’, म्हणजे अपराध, असा बदलतो. पैशाचे कर्ज त्यात येतेच, पण तेवढ्यावर थांबत नाही.

---

मोडीवाचक

जैतून यांनी कागदाची बाजू काढलीच आहे तर तीच पुढे नेतो. कर्ज म्हणजे कागद. जोवर खत, म्हणजे कर्जाचा लेख, आहे तोवर देणे आहे.

इ.स. ६६ मध्ये जेरुसलेमात बंडाला तोंड फुटले तेव्हा बंडखोरांनी दप्तरखान्याला आग लावली. सावकारांची रोखपत्रे जळावीत आणि वसुली बंद व्हावी, म्हणजे देणेकरी आपल्या बाजूला येतील, असे कारण पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस याने ‘यहुदी युद्धा’च्या दुसऱ्या ग्रंथात नोंदवले आहे. प्रभूची प्रार्थना शिकवली गेली त्यानंतर साधारण पस्तीस वर्षांनी हे घडले.

महाराष्ट्राला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली, ती मुख्यतः खते आणि रोखे हाती घेऊन जाळण्यासाठी. पुढे ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले.

आणि तिसरे चित्र देहूचे. परंपरा सांगते की तुकोबांनी घरातली खतपत्रे काढली, धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. जेरुसलेमात आणि सुप्यात खते देणेकऱ्याने जाळली, देहूत ती धनकोने सोडली. मत्तय ६:१२ हे देहूच्या बाजूचे आहे. त्यातही कान्होबाचा वाटा वेगळा काढला ही गोष्ट महत्त्वाची : दुसऱ्याचे येणे आपण सोडू शकत नाही.

याच रांगेत प्रेषित पौलाच्या कलस्सै इथल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातले २:१४ ठेवा. तिथला ग्रीक शब्द ‘खेइरोग्राफोन’, अक्षरशः ‘हाताने लिहिलेले’, म्हणजे देणेकऱ्याने स्वहस्ते लिहून दिलेला कर्जरोखा. तो पुसला आणि वधस्तंभाला खिळला, असे पौल म्हणतो. त्या काळी पपायरसवरची शाई ओल्या बोळ्याने पुसता येई, म्हणून ‘पुसणे’ ही त्या काळच्या वाचकाला रोजच्या ओळखीची क्रिया होती.

---

साधा प्रश्न

सगळे छान. पण मुख्य अडचण तशीच राहते. ‘जसे आम्ही... तसे तू’. म्हणजे आम्ही आधी सोडायचे, मग देव सोडणार? मग ती कृपा कशी? हा तर सौदा झाला.

---

अक्षरशोध

प्रश्न टाळण्यासारखा नाही. तीन गोष्टी पाहाव्या लागतात आणि पहिली पाठभेदाची, म्हणजे हस्तलिखितांतल्या शब्दांच्या फरकाची, आहे.

मत्तय ६:१२ मध्ये जुन्या हस्तलिखितांत, सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या दोन्ही प्रतींत, ‘आफेकामेन’ आहे : ‘आम्ही सोडले आहे’. नंतरच्या बहुसंख्य प्रतींत, आणि ‘दिदाखे’ या आरंभीच्या ख्रिस्ती पुस्तिकेतही, वर्तमानकाळ आहे : ‘आम्ही सोडतो’. लूक ११:४ मध्येही वर्तमानकाळच. मराठी बायबल ‘सोडले आहे’ म्हणते ते जुन्या पाठाला धरून. जो पाठ पचायला कठीण तोच बहुधा मूळ, कारण नक्कलकार अवघड जागा सोपी करतो, सोपी जागा अवघड करत नाही. त्यात लूकचा वर्तमानकाळ मत्तयाच्या प्रतीत शिरणे सहज शक्य. तेव्हा ‘सोडले आहे’ हेच घेऊन चालावे लागेल. सुटका काळ बदलून मिळणार नाही.

बायबलचे जर्मन अभ्यासक योआकिम येरेमियास यांनी सुचवले की यामागे अरामी भूतकाळी रूप आहे आणि ते बोलता बोलता घडणारी क्रिया दाखवते : ‘हे बघ, या क्षणी आम्ही सोडत आहोत’. मराठीत ‘दिले तुला!’ म्हणतो तसे. देताना म्हणतो, पण रूप भूतकाळाचे. शक्यता चांगली आहे, पण मूळ अरामी वाक्य आपल्या हाती नाही, त्यामुळे सिद्धांत तेवढ्यावर उभा करू नये.

दुसरी गोष्ट : ही कल्पना येशूच्या श्रोत्यांना नवी नव्हती. बेन सिरा २८:२ म्हणते, शेजाऱ्याने केलेल्या अन्यायाची क्षमा कर, मग तू प्रार्थना करशील तेव्हा तुझीही पापे माफ होतील. हे पुस्तक ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातले.

तिसरी आणि सगळ्यांत मोठी : मत्तयाने या ओळीचे भाष्य गोष्टीच्या रूपात दिले आहे, १८:२३-३५. राजा एका दासाचे प्रचंड कर्ज सोडतो, तोच दास आपल्या सोबतीच्या दासाला लहान कर्जासाठी तुरुंगात टाकतो, आणि हे कळल्यावर राजा त्याला शिक्षा करतो. आकडे मांडून पाहा.

पहिल्या दासाचे कर्ज १०,००० तालांत. एक तालांत म्हणजे ६,००० दिनार. म्हणजे ६ कोटी दिनार. दिनार ही शेतमजुराची एका दिवसाची मजुरी, मत्तय २०:२ मध्ये तीच ठरते. वर्षाला कामाचे ३०० दिवस धरले तर २ लाख वर्षांची मजुरी. योसेफसने हेरोद अंतिपाचे गालील आणि पेरिया मिळून वार्षिक उत्पन्न २०० तालांत दिले आहे. म्हणजे एका राज्यकर्त्याचा ५० वर्षांचा महसूल. आणि दहा हजार, ‘मिरिआस’, हा ग्रीकमधला सर्वांत मोठा स्वतंत्र संख्याशब्द. ‘मला वेळ द्या, सगळे फेडीन’ हे दासाचे वाक्य या आकड्यापुढे ठेवून वाचले की अंगावर काटा येतो. हा माणूस अजून फेडण्याच्याच भाषेत आहे. धन्याने मुदत दिली नाही, कर्ज सोडले.

दुसऱ्या दासाचे कर्ज १०० दिनार. चार महिन्यांची मजुरी. ही रक्कम क्षुल्लक नाही, गरीब घराला ती मोडू शकते. इथे बरेच शिक्षक ‘शंभर म्हणजे काहीच नाही’ म्हणतात आणि गोष्ट बिघडवतात. आपल्याविरुद्ध झालेले अपराध खरे असतात, जड असतात. मुद्दा गुणोत्तराचा आहे : ६ लाखास १.

आता क्रम पाहा. राजा आधी सोडतो. दास नंतर अडवतो. म्हणजे आपले सोडणे ही देवाच्या सोडण्याची किंमत नव्हे. पण ज्याने मूठ आवळलेली आहे त्याच्या हातात दुसरे काही ठेवता येत नाही, हे १८:३४ कठोरपणे सांगते आणि त्या कठोरपणाला गुळगुळीत करायचा अधिकार आपल्याला नाही. ‘साधा प्रश्न’, तुम्हीच सांगा : सौदा असता तर ६ लाखास १ या दराने कोणी केला असता?

---

सांजघंटा

उपासनेच्या बाजूने थोडे. कॅथलिक मिस्सामध्ये प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणतात, मग धर्मगुरू ‘सर्व वाइटापासून आम्हाला सोडव’ या आशयाची जोडप्रार्थना म्हणतो, आणि त्यानंतर लोक ‘कारण राज्य, पराक्रम व गौरव’ या अर्थाचे वाक्य म्हणतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ते वाक्य प्रार्थनेलाच जोडलेले असते. सिनाई आणि व्हॅटिकन प्रतींत मत्तयाच्या प्रार्थनेत ते नाही. दिदाखेत ते दोनच शब्दांचे आहे, सामर्थ्य आणि गौरव. आशय १ इतिहास २९:११ मधल्या दावीदाच्या प्रार्थनेशी जुळतो. तेव्हा एकमेकांना चुकीचे ठरवण्याचे कारण नाही, दोन्ही प्रथा जुन्या आहेत.

पण धाग्याच्या विषयाला लागून असलेली गोष्ट पुढची आहे. मिस्सामध्ये या प्रार्थनेनंतर शांतीची खूण दिली जाते आणि मगच ख्रिस्तप्रसाद. मत्तय ५:२३-२४ मधला क्रम : आधी भावाशी समेट, मग वेदी. ‘ऋण सोडले आहे’ हे तोंडाने म्हटल्यावर मिनिटाभरात शेजारच्याकडे वळावे लागते. मुंबई-वसईच्या चर्चमध्ये शेजारच्या बाकावर बऱ्याचदा भाऊबंदच असतात आणि जमिनीचे दावे भाऊबंदांतच चालतात, तेव्हा ही खूण हलकी नाही.

---

नदीकाठ

तासाभराच्या अभ्यासवर्गासाठी हे कसे मांडावे असे कोणी विचारले तर मी अशी आखणी करीन.

पहिली १५ मिनिटे फक्त दोन मजकूर शेजारी : मत्तय ६:९-१३ आणि लूक ११:२-४. एका पानावर दोन रकाने. लोकांना स्वतः फरक खुणावू द्या. भाकरीच्या ओळीतही फरक सापडेल, मत्तयात ‘आज’, लूकमध्ये ‘रोज रोज’. तिथे रेंगाळू नका, तो वेगळा तास आहे. मग फेडणे-सोडणे, ५ मिनिटे. मग मत्तय १८ चा हिशेब फळ्यावर, आकडे लोकांकडूनच गुणून घ्या. शेवटची २० मिनिटे अनुवाद १५:१-११. उलट क्रमाने, म्हणजे अनुवादापासून, सुरू केले तर वर्ग कायद्यात अडकतो आणि प्रार्थनेपर्यंत पोचत नाही.

नेहमी बिघडते ते इथे : कोणीतरी ‘हल्लीची कर्जमाफी’ काढतो आणि उरलेला तास राजकारणात जातो. शांतपणे एवढेच विचारावे की सरकार माफ करते तेव्हा धनको कोण असतो? प्रार्थनेतला ‘आम्ही’ हा स्वतः धनको आहे. त्याचे स्वतःचे जाते.

---

जैतून

एक राहिले आणि ते मला सर्वांत गरजेचे वाटते. ही ओळ दुखावलेल्या माणसावर दगडासारखी फेकली जाते. मारहाण सोसणाऱ्या बाईला ‘सोडून दे, प्रार्थनेत रोज म्हणतेस ना?’ असे सांगितले जाते. हे वाचन चुकीचे आहे, आणि ते चुकीचे का हे कर्जाची प्रतिमाच सांगते.

मत्तय १८:२३ मध्ये गोष्ट हिशेब घेण्यापासून सुरू होते. आकडा मोठ्याने सांगितला जातो, मग सोडला जातो. न मोजलेले कर्ज सोडता येत नाही, ते फक्त दडपता येते. म्हणून जे झाले त्याला नाव देणे, तक्रार करणे, सुरक्षित जागी जाणे, हे क्षमेच्या विरुद्ध नाही. तो हिशेबाचा भाग आहे. शिवाय सोडल्याने जुने येणे संपते, नवे कर्ज देत राहण्याचे बंधन येत नाही.

आणि मोडीवाचक यांनी कान्होबाच्या वाट्याबद्दल म्हटले तेच : सोडण्याचा अधिकार धनकोचा. पाळक, सासर, मंडळी, यांपैकी कोणीही तिच्या वतीने सोडू शकत नाही.

---

मोडीवाचक

जैतून, याला पौलाचा आधार आहे. अनेसिमाचा धनी फिलेमोन याला पौलाने लिहिलेले पत्र, फिलेमोन १८-१९. अनेसिम या दासाने धन्याचे काही नुकसान केले असेल, काही देणे लागत असेल, तर पौल ‘सोडून दे’ एवढेच म्हणून मोकळा होत नाही. तो म्हणतो, ते माझ्या खाती मांड. आणि पुढे : मी पौल हे स्वहस्ते लिहितो, मी फेडीन. ही त्या काळच्या रोख्याची भाषा आहे. दुसऱ्याने कर्ज सोडावे असे वाटणारा माणूस इथे आधी स्वतःच्या हाताने खत लिहून देतो.

---

अक्षरशोध

हे माझ्याही ध्यानात आले नव्हते. कलस्सै आणि फिलेमोन ही दोन्ही पत्रे एकाच घराच्या आसपासची. अनेसिमाचे नाव कलस्सै ४:९ मध्ये आहेच. म्हणजे ज्या मंडळीत ‘खत पुसले, वधस्तंभाला खिळले’ हे वाचले गेले, तिथेच पौलाच्या हातचे हे दुसरे खतही आलेले असणार. फिलेमोनाचे २५ वचनांचे पत्र वाचायला पाच मिनिटे लागतात. अभ्यासवर्गात मत्तय १८ नंतर ते सलग मोठ्याने वाचावे, अनुवाद १५ पुढच्या आठवड्याला ठेवावे.